सुझानाचा वाटा: एका कादंबरीच्या प्रकल्प नोंदी

११ मे २०२५

काळ आणि जागा पक्की झाली. १८७४ ते १८७६, अमेरिकेतल्या कान्सस राज्यातली मॅरियन काउंटी आणि तिच्या आजूबाजूचा मुलूख. माणसं रशियातून आलेले मेनोनाइट शेतकरी. हातात शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, आणि बाप्तिस्मा घ्यायचा तो कळत्या वयात, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करून, या तीन गोष्टींपायी ही मंडळी सोळाव्या शतकापासून देश बदलत आली. नेदरलँड्समधून विस्चुला नदीच्या मुखाकडच्या दलदलीत, तिथून रशियाच्या कॅथरीन राणीनं दिलेल्या सवलतींवर भरवसा ठेवून आजच्या युक्रेनच्या दक्षिणेला. मोलोत्श्ना नदीकाठची त्यांची वसाहत १८०४ सालची. १८७१मध्ये वसाहतींचे खास हक्क गेले आणि १८७४मध्ये लष्करी नोकरी सगळ्यांना सक्तीची झाली. त्याच्या आदल्या वर्षी बारा जणांचं शिष्टमंडळ अमेरिका आणि कॅनडा पाहून आलं होतं. मग अख्खी गावं उठली. पुढच्या काही वर्षांत साधारण १८,००० माणसं समुद्र ओलांडून गेली.

संपादक ताईंनी फोनवर विचारलं, "एवढा मोठा इतिहास हाताशी असताना प्रेमकथाच कशाला?" मी त्यांना सांगितलं की मला प्रेमकथाच लिहायची आहे, आणि तीही ख्रिस्ती. या प्रकारात एक सोय फार वापरली जाते: दोघं रुसतात, दुरावतात, मग शेवटच्या प्रकरणात गुडघे टेकून प्रार्थना होते आणि सगळं जुळून येतं. तिथं श्रद्धा कथानकाच्या कडेला उभी असते. मला असा पेच हवा की तो सोडवताना प्रेम आणि विश्वास यांतलं एक पुढे आणि दुसरं मागे ठेवताच येऊ नये. तो सापडेपर्यंत एकही प्रकरण लिहायला घेणार नाही.

१९ मे

आलेक्झांडरवोल हे मोलोत्श्नातलं गाव निवडलं. १८२१मध्ये झार पहिला अलेक्झांडर वाटेनं जाताना नव्यानं येणाऱ्या वसाहतकऱ्यांना भेटला आणि त्यानं त्यांचं भलं चिंतलं, म्हणून गावाला हे नाव पडलं, असं सांगतात. १८७४मध्ये चर्चचे प्रमुख (एल्डर) याकोब बुलर यांच्या मागे ही मंडळी जवळजवळ सगळीच्या सगळी निघाली. आठशेच्या आसपास माणसं. एका जहाजात मावणं शक्य नव्हतं, म्हणून दोन गट झाले. हॅम्बुर्गहून निघालेलं 'सिम्ब्रिया' २७ ऑगस्टला न्यूयॉर्कला लागलं, 'ट्युटोनिया' ३ सप्टेंबरला. पहिल्या गटाचे पुढारी बुलर, दुसऱ्याचे डीट्रिख गेडर्ट. कान्ससमध्येही गेडर्टांच्या गटातली बरीचशी माणसं पश्चिमेला होफनुंग्साऊला स्थिरावली आणि बुलरांची मंडळी आजच्या गेसलजवळ.

एका गावात वाढलेली दोन माणसं दोन जहाजांत बसली आणि नव्या देशात घोडागाडीनं दिवसभराच्या अंतरावर जाऊन पडली. मला विरह वेगळा रचावा लागणार नाही. सुझाना सिम्ब्रियावर, पेटर ट्युटोनियावर. दोघंही काल्पनिक. बुलर आणि गेडर्ट नावापुरते येतील, त्यांच्या तोंडी एकही वाक्य घालायचं नाही. बोलणारा उपदेशक मी वेगळा घडवेन.

२७ मे

पेच सापडला, आणि तो जमिनीतच सापडला.

बाहेरून पाहिलं तर मोलोत्श्ना म्हणजे सुखी, टुमदार गावं: रुंद रस्ता, दुतर्फा घरं, घराला जोडून गोठा, मागे तुतीची झाडं. पण प्रत्येक पूर्ण शेत ६५ देस्यातिनांचं, म्हणजे साधारण १७५ एकरांचं, आणि ते तोडायचं नाही असा नियम. एका वारसाला शेत, बाकीच्यांना त्यांच्या वाट्याची रक्कम. दोन-तीन पिढ्यांत काय होणार ते उघड आहे. १८६०च्या दशकापर्यंत निम्म्याहून जास्त कुटुंबं भूमिहीन झाली होती. ती गावाच्या टोकाला राहायची, मजुरी नाहीतर कारागिरी करायची, आणि गावसभेत त्यांना मत नव्हतं. प्रभुभोजनाला सगळे भाऊ एका पंगतीला आणि गावसभेत अर्धे दाराबाहेर! तेव्हाच्या भांडणांबद्दल वाचताना जीव कळवळला.

पेटर त्या टोकाच्या घरातला. सुझानाच्या बापाचं पूर्ण शेत.

दुसरीकडे याच समाजाचा वारसा नियम पाहा. मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. आई वारली तर निम्मी मिळकत बापाकडे राहायची आणि निम्मी मुलांमध्ये समसमान वाटली जायची. अज्ञान मुलांचा पैसा सांभाळायला 'वाइझेनआम्ट' ही चर्चमंडळीची स्वतःची कचेरी. बापालासुद्धा त्यावर हात टाकता येत नसे. आपल्याकडे हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला देशभर जन्मानं समान हक्क मिळायला २००५ साल उजाडावं लागलं, म्हणून मराठी वाचकाला हे चटकन जाणवेल.

तेव्हा सुझानाची आई तिच्या लहानपणी वारलेली. तिच्या नावावर पैसा आहे, तो तिचा आहे, कुणाच्या मेहेरबानीचा नाही. पेटरच्या डोक्यावर कर्ज आहे, कारण गरिबांच्या प्रवासासाठी अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी १८७३मध्ये बोर्ड ऑफ गार्डियन्स स्थापून उसने पैसे दिले होते आणि त्यांतून त्याच्या घरच्यांचं तिकीट निघालं. तो म्हणतो, कर्ज फिटल्याशिवाय लग्न नाही. ती म्हणते, माझा वाटा घे. तो घेत नाही. त्याला तो स्वाभिमान वाटतो, मंडळीतल्या निम्म्या लोकांनाही वाटतो.

पण हा मुलगा दर रविवारी ऐकतो की तारण कृपेनं आहे, कमाईनं नाही. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय, आठवं-नववं वचन त्याला पाठ आहे. देवाकडून फुकट घेणं त्याला जमतं, सुझानाकडून जमत नाही. मग ते देवाकडून तरी खरंच जमलंय का? कादंबरी इथं उभी आहे.

८ जून, पेन्टेकॉस्ट

आज उपासनेहून आल्यावर बाप्तिस्म्याचं प्रकरण मांडलं. मेनोनाइटांमध्येही बाप्तिस्म्याचा दिवस बहुधा हाच. त्याआधी तरुण मुलामुलींना कित्येक आठवडे प्रश्नोत्तरी शिकवायची, ती त्यांनी मंडळीसमोर म्हणायची. बाप्तिस्मा झाल्याशिवाय लग्न नाही, आणि लग्न मंडळीबाहेर नाही. त्यामुळे विशीच्या आतबाहेरचं वर्ष प्रत्येकाच्या आयुष्यात दुहेरी महत्त्वाचं. देवाला 'हो' म्हटल्यावरच माणसाला 'हो' म्हणायची मुभा.

चर्चमध्ये पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. उपदेशक पगारी नसतो. मंडळीनं आपल्यातूनच निवडलेला शेतकरी, आठवडाभर नांगर धरून रविवारी उभा राहणारा. त्याचे हात कसे दिसत असतील ते लिहिलं. चेहरा लिहिला नाही, गरज वाटली नाही.

२१ जून

गव्हासाठी मामांकडे राहुरीला गेले. कान्ससचा गहू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात, उगवून फुटवे धरतो, मग वर बर्फ पडतं आणि जूनमध्ये कापणी, असं सांगितल्यावर मामा थांबलेच.

"बर्फाखाली कुजत नाही का गं?"

"नाही मामा. त्या वाणाला थंडी लागतेच. काही आठवडे कडक थंडी मिळाली नाही तर तो ओंबीच धरत नाही."

"म्हणजे तो गहू इथं आणून नोव्हेंबरात पेरला तर?"

"हिरवा राहील नुसता. चारा होईल."

मामांनी मान हलवली. आपला गहू नोव्हेंबरात टाकायचा आणि होळीच्या सुमाराला काढायचा, ऊन वाढायच्या आत. त्यांचा आठ-नऊ महिने रानात. "एवढे दिवस रान अडकवून ठेवायचं म्हणजे माणूस धीराचा पाहिजे," मामा म्हणाले. हे वाक्य सुझानाच्या बापाच्या तोंडी जसंच्या तसं जाईल. मामांना तसं सांगितलं, ते खूश झाले. वाफसा, पाभर, उफणणी याबद्दलही तासभर बोललो. त्यांचे शब्द मी कथनात मोकळेपणानं वापरणार आहे. शेतकऱ्याची गोष्ट शेतकऱ्याच्या मराठीत यायला हवी.

बर्फाखालच्या गव्हाचा कथानकाला मोठा उपयोग आहे. १८७४च्या उन्हाळ्यात कान्ससवर टोळधाड आली होती. रॉकी पर्वताकडून आलेल्या टोळांनी मका, भाजीपाला, झाडांची साल, घोड्यांचा साज, अवजारांच्या दांड्यांचं घामानं खारवलेलं लाकूड, काही सोडलं नाही. रुळांवर चिरडलेल्या टोळांनी चाकं घसरून गाड्या थांबल्या. मेनोनाइट पोचले तेव्हा त्याला फार दिवस लोटले नव्हते. हताश होऊन निघालेल्या काही जुन्या शेतकऱ्यांनी आपली नांगरलेली रानं त्यांना विकून टाकली. आता हिशोब असा: टोळ येतात जुलै-ऑगस्टमध्ये, शरदात पेरलेला गहू निघतो जूनमध्ये. मका टोळांच्या तोंडी सापडतो, गहू त्यांच्या आधी खळ्यावर असतो. सुझानाचा बाप उशिरा का होईना, विकत घेतलेल्या तयार रानात थोडा गहू टाकतो, यामागे हीच अक्कल.

एक प्रसिद्ध कथा मात्र घेणार नाही. आठ वर्षांच्या आन्ना बार्कमननं रशिया सोडण्याआधी लाल गव्हाचे दाणे एकेक करून निवडले, असं कान्ससमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. नेमका आकडाही सांगतात, २,५९,८६२. गोष्ट गोड आहे आणि लोकांनी ती प्रेमानं जपली आहे. पण त्या काळात मोलोत्श्नात उन्हाळी गहूही भरपूर पेरत, आणि टर्की रेड हा कडक हिवाळी वाण कान्ससभर पसरला तो पुढच्या दशक-दोन दशकांत. त्यात हॅल्स्टेडचा गिरणीवाला बर्नहार्ड वार्केंटिन याचा हात मोठा. त्या कडक दाण्याला जुनी दगडी जाती पुरी पडेनात, पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या तेव्हा त्याचं चीज झालं. माझ्या कादंबरीत पेटीच्या तळाशी बियाण्याची एक पिशवी असेल, चमत्कार नसेल.

६ जुलै

'इमिग्रंट हाउस'चं प्रकरण. सॅन्टा फे रेल्वेला सरकारकडून मिळालेली जमीन विकायची होती, म्हणून तिनं सी. बी. श्मिट नावाचा जर्मन बोलणारा दलाल नेमला आणि नव्या लोकांच्या पहिल्या हिवाळ्यासाठी लांबलचक लाकडी चाळी बांधून दिल्या. गेसलजवळच्या चाळी सुमारे २०० फूट लांब आणि जेमतेम वीस फूट रुंद. त्यात कित्येक कुटुंबं शेजारीशेजारी. कुणाचं खोकणं, कुणाची प्रार्थना, कुणाचं भांडण, सगळं सगळ्यांना ऐकू.

पेटर नोव्हेंबरमध्ये होफनुंग्साऊहून भेटायला येतो. या दोघांना एकांत मिळणारच नाही. संपादक ताईंना वाटतं की निदान एकदा तरी त्यांना माळावर फिरायला पाठवावं. मी नाही म्हटलं. १८७४मधल्या मेनोनाइट मुलीनं परक्या मुलाबरोबर एकटं फिरणं वाचकाला सोयीचं, पण तिला नाही.

मी त्यांना भट्टीपाशी बसवलं. कान्ससच्या माळावर लाकूड नाही, पण कमरेएवढं गवत आहे. मेनोनाइटांनी रशियातली विटांची भट्टी इथं बांधली. तिच्यात सुकं गवत आणि काड पेटवायचं. विटा एकदा तापल्या की रात्रभर घर ऊबदार. गवत भसकन जळून जातं, म्हणून पीळ देऊन त्याच्या घट्ट जुड्या करून ठेवायच्या. दोघं समोरासमोर बसून जुड्या वळतात. भोवती वीस माणसं. ती बोलते ते भावाच्या खोकल्याबद्दल आणि जहाजावर खाल्लेल्या त्स्वीबाख या कडक भाजक्या पावाबद्दल. तो बोलतो ते मळणीच्या दगडाबद्दल. गवताच्या पात्यानं त्याचं बोट कापतं, ती पाहते, काही करत नाही, फक्त पुढची जुडी वळताना कडक पाती आपल्याकडे ओढून घेते. त्याच्या पुढ्यात मऊ गवत राहतं. हे त्याला दोन पानांनंतर कळतं.

आतापर्यंत लिहिलेल्यांत मला हे प्रकरण सगळ्यांत आवडतं.

१३ जुलै

पेटरचा धंदा ठरला. तो मळणीचे दगड घडवतो. रशियात मेनोनाइट खळ्यावर दातेरी दगडी रूळ फिरवत. चुनखडीचा जड दंडगोल, लांबीभर खोल खाचा, दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या, पुढे घोडा. आपल्याकडे तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची, तसंच काम, पण खुरांऐवजी दगडाचे दात. कान्ससमध्ये चुनखडी मुबलक, म्हणून इथंही असे रूळ घडवले गेले.

आणि लगेच निकामी झाले! अमेरिकेत मळणी यंत्रं आधीच चालू होती. एक-दोन हंगामांत मेनोनाइटांनीही यंत्रं घेतली आणि दगड अंगणात पडून राहिले. नॉर्थ न्यूटनच्या बेथेल कॉलेजनं नंतर तोच दगड आपलं चिन्ह केलं. पेटर कर्ज फेडण्यासाठी ज्या हुन्नरावर भिस्त ठेवून आहे, तो १८७६च्या सुगीत त्याच्या हाताखालून निसटतो. कुणी खलनायक नाही, फक्त वाफेवर चालणारं एक यंत्र काउंटीत येतं. आता त्याला कमावून मोकळं होता येणार नाही. आता घ्यावंच लागेल.

२७ जुलै

हे टाळून कादंबरी पुढे नेता येणार नाही, म्हणून आज फक्त यावरच काम केलं. मॅरियनपासून ईशान्येला कौन्सिल ग्रोव्ह. तिथं कान्झा या मूळ रहिवासी लोकांची राखीव जमीन होती. राज्याचं नावच त्यांच्यावरून पडलेलं. १८७३मध्ये त्यांना तिथून उठवून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, नेण्यात आलं. सुझानाचं कुटुंब आलं १८७४मध्ये. मध्ये एकच वर्ष.

मोलोत्श्नातही असंच झालं होतं. शेजारच्या माळावर नोगाई मेंढपाळ राहायचे. क्रायमियाच्या युद्धानंतर, १८६०च्या सुमाराला, ते फार मोठ्या संख्येनं तुर्कस्तानात निघून गेले. सुझानाच्या बापानं लहानपणापासून त्यांचे तंबू पाहिलेले असणार. म्हणजे स्वतः छळ सोसून देश सोडणारी ही माणसं, दोनदा दुसऱ्यांच्या उठलेल्या घराशेजारी नांगर धरतात.

ज्या लोकांनी तलवार न उचलण्यासाठी घरदार सोडलं, त्यांच्या सातबाऱ्यामागे कुणाची तरी बंदूक उभी होती. त्यांना पापी ठरवायला मी ही गोष्ट लिहीत नाहीये, पण जमीन रिकामी होती असं एकही वाक्य यात येणार नाही. जुना अमेरिकन शेजारी रान विकताना सहज बोलून जातो की गेल्या साली कान्झा लोकांचे तांडे याच वाटेनं गेले. दुभाष्याकडून ते बापापर्यंत पोचतं. बाप कराराच्या कागदावर सही करतो आणि त्या रात्री जेवणाआधीची प्रार्थना मोठ्यानं म्हणू शकत नाही, सुझानाला म्हणायला लावतो. ती का, हे विचारत नाही. पुढे पेटरला आपला वाटा देऊ करताना तिच्या मनात हेही आहे: जे आपल्या हातात आलंय, ते कुठून कुठून आलंय.

१० ऑगस्ट

उपदेशक आणि पेटर यांचा प्रसंग तिसऱ्यांदा लिहिला. खळ्यावर, वापरात नसलेल्या दगडावर बसून. उपदेशकानं प्रवचन द्यायचं नाही, एवढी अट मी घालून घेतली होती. त्यातला हा तुकडा राहील:

"तुझं कर्ज किती राहिलंय?"

"अर्धं, काका."

"आणि आमच्या मंडळीचं?"

पेटर काही बोलला नाही.

"आम्ही सगळेच उसन्यावर आलो, पोरा. सुझानाच्या बापानं रशियातलं शेत पाव किमतीत फुंकलं, तेव्हा इथं विटा आम्ही दिल्या. त्यानं नाही म्हटलं नाही. तू कुठला वेगळा?"

"तो म्हातारा आहे. मी कमावता आहे."

"हं. म्हणजे कृपा म्हाताऱ्यांसाठी."

इथं पेटर उठून जातो. त्याच संध्याकाळी तिच्याकडे जात नाही. चार प्रकरणं मध्ये जातात, पेरणी होते, धाकट्या भावाला ताप येतो. जेव्हा जातो तेव्हा मागणी घालत नाही. म्हणतो, "तुझा वाटा घेतो. फेडणार नाही." पेटरसारख्या माणसाच्या तोंडून 'फेडणार नाही' हे यायला तीनशे पानं लागली पाहिजेत.

वाङ्‌निश्चयानंतर लग्नाला फार दिवस लावत नसत. रविवारी मंडळीसमोर जाहीर करायचं, आदल्या संध्याकाळी पोल्टरआबेंडला शेजाऱ्यांनी भेटी आणायच्या, आणि लग्न वधूच्या घरी. एवढी माणसं घरात मावत नाहीत म्हणून गोठा झाडून बाकं मांडायची. लग्नाचं प्रकरण छोटं ठेवलं. वाचकाला कळलेलंच आहे.

२४ ऑगस्ट

ताईंनी विचारलं की मराठी वाचकासाठी शेवटी भारताचा धागा जोडता येईल का. धागा खरा आहे. १८९७च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी भारतासाठी मदत गोळा केली. १८९९मध्ये त्यांचे पहिले मिशनरी धमतरीला आले, तेव्हाच्या मध्य प्रांतात, ज्याची राजधानी नागपूर. आणि रशियातून गेलेल्या या मंडळ्या ज्या शाखेत होत्या, तिचे मिशनरी पेनर आणि क्रोकर १९००च्या अखेरीस येऊन पोचले. चांप्याला त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी घर काढलं.

सुझाना तेव्हा पन्नाशीच्या जवळ असती. तिच्या खळ्यावरचं धान्य मध्य प्रांतात पोचलं असं लिहिण्याचा मोह होतो. पण कादंबरी १८७६मध्ये संपते आणि तिथंच संपेल. पंचवीस वर्षांची उडी मारून आपल्याला त्यात जागा करून घेतली, तर गोष्ट त्या दोघांची राहणार नाही. हा इतिहास प्रस्तावनेत येईल, पानभर.

३१ ऑगस्ट

पहिली सहा प्रकरणं ताईंकडे गेली. मामांना पेरणीचं प्रकरण वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी अडवलं: ओल्या रानात नांगर घालत नाहीत, वाफसा येऊ द्यावा लागतो, आणि घोड्यांना मळणीनंतर लगेच पाणी पाजत नाहीत. दोन्ही दुरुस्त केलं. पुढच्या आठवड्यात भावाच्या तापाचं प्रकरण घ्यायचं. त्यात सुझानाची एकटीची एक प्रार्थना आहे, ती अजून लिहिलेली नाही. भट्टी पेटवताना म्हणेल, हातात गवत असताना, बहुतेक अर्धीच.